रिअर व्हील ड्राइव्हसाठी विंटर टायर: सेट ठरला, बसला, पहिला स्नोफॉलही झाला

तर टायर एकदाचे ठरले, बसले आणि पहिला दणकून स्नोफॉलही त्यांच्यावर झाला, म्हणून आता सगळं एकत्र लिहून काढतोय. गाडी माझी बीएमडब्ल्यू थ्री ट्वेंटी आय, ई-९० पिढीतली, सहा गिअरची मॅन्युअल, मागे ओपन डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) वगैरे काही नाही. ज्यांच्याकडे अशीच मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे आणि हिवाळा आला की "ही गाडी आता झाकून ठेव" असं ज्यांना ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर.

आधी तो झाकून ठेवायचा मुद्दा. मला तो पटतच नाही, का ते आकड्यात सांगतो. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचा आकडा, साधारण ०.८ ते १, दाबून घट्ट झालेल्या स्नोवर चांगला टायर असला तरी ०.२ ते ०.३, आणि आईसवर ०.१ किंवा त्याहूनही कमी. आता माझ्या गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं आहे, म्हणजे ओढायला फक्त मागच्या चाकांवरचं अर्धं वजन मिळतं. स्नोवर ०.२५ धरला तर ०.१२५, म्हणजे साधारण १२ टक्के चढ गाडी कशीबशी चढेल. फ्रंट व्हील ड्राइव्हला सपाटीवर पुढे जास्त वजन असल्याचा फायदा मिळतो पण चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे तिचा फायदा वाटतो तेवढा उरत नाही. ऑल व्हील ड्राइव्ह या बाबतीत सरळ पुढे, चारही चाकं ओढतात. पण हे झालं फक्त गाडी पुढे न्यायचं. थांबायला आणि वळायला प्रत्येक गाडी चारच टायर वापरते, मग मागून ओढणारी असो की चारही चाकांनी. समर टायरवरची ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चढ मस्त चढते आणि उतारावर थांबत नाही. म्हणून मी टायर निवडताना "गाडी निघेल का" हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवला, पहिला प्रश्न हा की थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडल्यावर, ब्रेक दाबल्यावर, वळणात मागचा भाग जागेवर राहील का.

याच कारणासाठी चारही टायर एकसारखे, यात तडजोड नाही. "ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे ना, मग मागेच दोन विंटर टाक" असं अजूनही लोक सांगतात. तसं केलं तर गाडी मस्त निघते पण ब्रेकिंगमध्ये सगळं वजन पुढे येतं, आणि पुढे मात्र थंडीने कडक झालेले टायर, म्हणजे स्टिअरिंग फिरवाल आणि गाडी सरळच जाईल. उलट फक्त पुढे टाकले तर त्याहून वाईट, पुढचा भाग पकडतो आणि मागचा गरकन फिरतो. दोन्ही नको.

आता प्रकार. बाजारात जे "विंटर" म्हणून विकतात त्यात दोन वेगळ्या जाती आहेत आणि हे कळायला मला भरपूर वाचावं लागलं. एक सेंट्रल युरोपियन किंवा अल्पाइन जात, उदाहरणार्थ मिशलिनचा अल्पिन, कॉन्टिनेंटलचा विंटरकॉन्टॅक्ट. यांचं रबर थोडं टणक, पाणी आणि स्लश, म्हणजे अर्धवट वितळलेला स्नो, काढायला रुंद खाचा, स्पीड रेटिंग एच किंवा व्ही म्हणजे २१० किंवा २४० किमी पर्यंत, ओल्या डांबरावर आणि हायवेवर भक्कम. दुसरी नॉर्डिक स्टडलेस जात, म्हणजे मिशलिन एक्स-आईस, कॉन्टिनेंटल व्हायकिंगकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोन ब्लिझॅकमधले डब्ल्यूएस मालिकेतले, नोकियनच्या हाक्कापेलिट्टामधले आर मालिकेतले. यांचं रबर खूप मऊ, रबराच्या ठोकळ्यांवर, म्हणजे ब्लॉकवर, बारीक चिरा, म्हणजे साइप्स, गच्च भरलेल्या, स्पीड रेटिंग बहुतेक आर किंवा टी म्हणजे १७० किंवा १९०. आईसवर आणि कडक थंडीत हे सरस, ओल्या डांबरावर मात्र अल्पाइनपेक्षा मागे आणि स्टिअरिंग जरा सैल वाटतं. तिसरे खिळ्यांचे, म्हणजे स्टडेड. शून्याच्या आसपासच्या ओल्या आईसवर त्यांना तोड नाही, पण कोरड्या डांबरावर आवाज आणि रस्त्याची झीज, आणि कित्येक देशांत बंदीच आहे, त्यामुळे आधी नियम बघा.

माझा रस्ता म्हणजे हिवाळाभर दाबलेला स्नो, सकाळी चकचकीत आईस, आणि हायवे फारसा नाही. म्हणून नॉर्डिक स्टडलेस. ज्याचा हिवाळा बहुतेक ओला असतो, शून्याच्या वरखाली होतो आणि रोज हायवे आहे त्याने अल्पाइन घ्यावा, तिथे नॉर्डिक घेणं चूक ठरेल असं माझं स्पष्ट मत आहे. ऑल सीझनचा विचार मी फार केला नाही, अधूनमधून स्नो पडणाऱ्या ठिकाणी ते चालतीलही, पण चार महिने बर्फावर मागून ढकलणारी गाडी असेल तर नको.

साइडवॉलवरच्या खुणांबद्दल थोडं, कारण यात सर्रास फसगत होते. एम प्लस एस हे अक्षरचिन्ह म्हणजे कंपनीने स्वतः सांगितलेलं की ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाची, नक्षी चिखल आणि स्नोसाठी आहे, त्यासाठी स्नोवर टेस्ट पास व्हावी लागत नाही. बघायचं ते तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असलेलं चिन्ह, ते मिळवायला टायरला ठरलेल्या रेफरन्स टायरपेक्षा स्नोवर जास्त ट्रॅक्शन दाखवावं लागतं. पण यातही लक्षात ठेवा, ती टेस्ट स्नोवरच्या पकडीची आहे, आईसची नाही, त्यामुळे डोंगराचं चिन्ह चांगल्या ऑल सीझनवरही असतं आणि नॉर्डिकवरही, आणि आईसवर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. युरोपच्या लेबलवर मे २०२१ पासून आईस ग्रिपचं वेगळं चिन्ह आलंय, नॉर्डिक शोधताना मला तेच सगळ्यात जास्त कामाला आलं. शिवाय टायर कधी बनला हे कळायला साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघायचे, ३६२४ म्हणजे २०२४ चा छत्तिसावा आठवडा.

मग साइज. समरचा सेट पुढे २२५/४५ आर १७ आणि मागे २५५/४० आर १७, दिसायला देखणा पण बर्फात मागचा तो रुंद टायर स्नोवर तरंगतो, आणि पुढचे मागे टाकून रोटेशनही करता येत नाही. विंटरला चारही २०५/५५ आर १६ घेतले. हिशोब करून बघितला, २२५/४५ आर १७ चा व्यास सुमारे ६३४ मिमी, २०५/५५ आर १६ चा ६३२, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. अरुंद टायर तेवढंच वजन कमी रुंदीवर घेतो, त्यामुळे सैल स्नो आणि स्लश कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, आणि साइडवॉल उंच असल्याने बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते. थ्री ट्वेंटीला हा कंपनीचाच साइज आहे, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, मोठे ब्रेक असलेल्यांनी मात्र १६ ची रिम बसते का ते आधी तपासा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ९४ एक्सएल मिळाला, ९१ वरही चाललं असतं. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर, घेतले नाहीत, त्यांची कडक साइडवॉल मला बर्फात नको होती, पण मग स्टेपनी नाही हे लक्षात घेऊन छोटा कंप्रेसर आणि पंक्चर किट डिकीत कायमचं ठेवलंय.

रबर प्रकरण मला स्वतः हाताने बघायचं होतं. उणे तापमानात रात्रभर बाहेर ठेवलेला समर टायर आणि हा नवा, दोन्ही शेजारी ठेवले आणि ट्रेडच्या ब्लॉकवर अंगठ्याचं नख रोवलं. समरवर नख नुसतं घसरतं, ठोकलं तर प्लॅस्टिकसारखा टक् आवाज येतो, आणि नव्यात नख आत जातं आणि काढल्यावर खूण हळूहळू भरून येते. ब्लॉक बोटांनी वाकवला की साइप्स पुस्तकाच्या पानांसारख्या उघडतात, एकेका ब्लॉकवर कितीतरी धारा तयार होतात. समरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली टणक व्हायला लागतं असं म्हणतात, ती काही काटेकोर रेषा नाही, पण नखाखाली फरक इतका सरळ कळतो की आकड्याची गरज राहत नाही. आणि चालवून आल्यावर बघा, खाचांमध्ये स्नो ठासून भरलेला असतो, तो तसाच राहू द्या, स्नोला स्नोच सगळ्यात चांगला चिकटतो आणि पकडीचा मोठा वाटा तिथूनच येतो.

बसवताना दोन गोष्टी. रिम काढल्यावर हबवर, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या भागावर, गंजाचा तांबूस थर होता, वायर ब्रशने घासून साफ केला, नाहीतर रिम सपाट बसत नाही आणि पुढे व्हायब्रेशन येतं. बाजारातली वेगळी रिम घेतली तर मधलं भोक ७२.६ मिमी आहे ना ते बघा, मोठं असेल तर सेंटरिंग रिंग लागते. बोल्ट १२० एनएमला टॉर्क रेंचने, आणि शंभरेक किमी झाल्यावर परत एकदा. ट्रेड डायरेक्शनल आहे त्यामुळे बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला, घाईत ही गोष्ट हमखास निसटते. मग टायर प्रेशरचं मॉनिटर रिसेट केलं, ते चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज घेतं, नवे टायर आहेत हे त्याला सांगावं लागतं.

प्रेशर थंड टायरमध्ये बाहेरच्या हवेतच भरा. उबदार गॅरेजमध्ये १८ अंशांना भरून गाडी उणे १२ मध्ये नेली की सुमारे ५ पीएसआय आपोआप गायब. आणि "बर्फात हवा कमी ठेव" हा सल्ला मी पाळत नाही, रस्त्यावर तरी नाही, कमी हवेत ट्रेड मधोमध आत दबतो आणि साइप्स मिटतात.

आता पहिला स्नोफॉल. सुरुवातीचे काहीशे किमी जपूनच चालवली कारण नव्या टायरवर मोल्डचं तेलकट आवरण असतं. मग मोकळ्या पार्किंगमध्ये, आजूबाजूला काही नाही अशा जागी, तीन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, ३० किमीवरून फुल ब्रेक, एबीएस कधी लागतं, गाडी सरळ राहते का. राहिली, पूर्ण विश्वास बसला. दुसरी, सपाटीवरून निघणं. इथे डीएससीचं, म्हणजे घसरण आवरणाऱ्या यंत्रणेचं, बटण कामाला येतं, पूर्ण चालू असेल तर चाक जरा घसरलं की ती पॉवर काढून घेते आणि खोल स्नोत गाडी तिथेच रुतून बसते, बटण एकदा थोडंसं दाबलं की डीटीसी मोड लागतो, थोडं घसरू देतो, आणि गाडी खुरडत का होईना निघते. पूर्ण बंद मी रस्त्यावर कधीच करत नाही. मॅन्युअलवाल्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच मऊ सोडत निघावं.

तिसरी टेस्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठ्या गोलात दुसऱ्या गिअरमध्ये चालवत एकदम थ्रॉटल सोडायचा. मागच्या चाकांवर तेव्हा इंजिन ब्रेकिंगची सगळी ओढ येते, टायरची पकड त्यातच खर्च होते आणि आडव्या बाजूला उरत नाही, म्हणून मागचा भाग बाहेर निघतो. समर टायरवर ही गोष्ट इतकी अचानक व्हायची की सावरायला वेळ मिळायचा नाही. या सेटवर मागचा भाग हळू निघतो, कमरेला आधी कळतं मग डोळ्यांना, आणि क्लच दाबला की चाकं मोकळी होऊन परत रेषेवर येतात. ही हालचाल शांत जागी परत परत करा, हात आणि पाय आपोआप शिकतात, उतारावर घाईत गिअर खाली टाकायची सवयही यानेच जाते.

वाळूच्या पोत्यांचं विचारलं जातंच. जुन्या, पुढे जड आणि मागे हलक्या गाड्यांना आणि पिकअपला त्यांचा खरंच उपयोग आहे, पण निम्म्या-निम्म्या वजनाच्या गाडीत, चांगल्या टायरवर, मला गरज भासली नाही. ठेवायचीच असतील तर बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर आणि घट्ट बांधून, डिकीच्या अगदी टोकाला नको, तिथे वजन ठेवलं की पुढची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग एकदा फिरायला लागला की थांबायला जास्त वेळ घेतो. मी फक्त टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

जे आवडलं नाही तेही लिहितो. स्नो वितळून रस्ता ओला काळा झाला की हे टायर थोडे मऊ, लेन बदलताना उत्तर उशिरा येतं, आणि ओल्यात ब्रेकिंगचं अंतर नक्कीच जास्त आहे, त्यामुळे मी पुढच्या गाडीपासून आणखी लांब राहतो. शून्याच्या आसपास वितळून परत गोठलेला जो आईस असतो, वर पाण्याची पातळ फिल्म, तिथे कुठलाच स्टडलेस टायर जादू करत नाही. गंमत म्हणजे उणे १५ च्या थंडीत तोच आईस बराच बरा पकडतो, कारण वर पाणीच नसतं. त्यामुळे हवामान बघताना मी किती गारठलंय हे बघत नाही, शून्याच्या किती जवळ आहे ते बघतो.

पुढचं काम म्हणजे ट्रेडची खोली मोजत राहणं. कायदा बऱ्याच ठिकाणी १.६ मिमी म्हणतो, पण ४ मिमीच्या खाली गेलेला विंटर टायर मी स्नोवर वापरणार नाही. मागची चाकं ओढतात त्यामुळे तीच आधी झिजणार, सीझनच्या मध्यावर त्याच बाजूला पुढचे मागे करीन, आणि काढताना प्रत्येकावर खडूने जागा लिहून रिमसकट थंड, अंधाऱ्या जागी ठेवीन. एलएसडी असलेल्या ई-९० वर कुणी नॉर्डिक वापरत असेल तर थ्रॉटल सोडल्यावर मागचा भाग कसा वागतो ते जरूर लिहा, माझ्या डोक्यात डिफरन्शियल बदलायचा विचार घोळतोय आणि बर्फात ते मदत करेल की मागची दोन्ही चाकं एकदम घसरवेल, हे ऐकल्याशिवाय मी हात घालणार नाही.