तुम्ही विचारलंत म्हणून: खाशाबांच्या गोष्टीत तो जपानी कशाला?

पैलवान खाशाबा जाधवांवर कुठंही बोललो की खाली उतरल्यावर कोणीतरी गाठतंच. सर, बोललात छान, पण त्यांच्या गटात गोल्ड जिंकलेल्या त्या जपानी इशीचं एवढं कौतुक कशाला? कराडात विचारतात, साताऱ्यात विचारतात, आता सख्खा पुतण्यापण विचारायला लागलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार.

गोळेश्वर हे त्यांचं गाव, त्यांना ऑलिम्पिकला पाठवायला प्राचार्यांनी गहाण टाकलेलं घर, पोलिसातली नोकरी, मरणानंतर मिळालेला अर्जुन पुरस्कार, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे, ते सोडतो.

१९५२, हेलसिंकी, ५७ किलो फ्रीस्टाइल. ब्राँझ आपले खाशाबा, सिल्व्हर पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आलेल्या सोव्हिएत संघाचा मामदबेकोव, आणि गोल्ड शोहाची इशी. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला मिळालेलं एकमेव गोल्ड तेच. आपल्याकडे गोष्ट सांगतात ती इशीबरोबरच्या लांबलेल्या कुस्तीनंतर लगेच दुसरी कुस्ती लावली, विश्रांती दिली नाही, भांडायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, अशी. मीही वर्षानुवर्षं तीच सांगायचो, टाळ्या पण भरपूर पडायच्या. पण त्यात इशी म्हणजे नुसता वाटेतला एक दगड. तो कोण, कुठून आला, काही नाही.

आता बघा. खाशाबा १९२६ चे, इशी पण १९२६ चाच. १९४० चं ऑलिम्पिक टोकियोला व्हायचं होतं, चीनवर चढाई करून बसलेल्या जपानने ते १९३८ लाच परत केलं, मग ते हेलसिंकीला गेलं, आणि महायुद्ध पेटल्यावर तिथूनही रद्द. १९४४ चं लंडनही रद्द. म्हणजे ही दोन पोरं अठराची झाली तेव्हा ऑलिम्पिक नावाची गोष्टच नव्हती. इकडे ऑगस्ट ४२ मध्ये कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा खाशाबा तिथंच शाळेत शिकत होते. तिकडे युद्ध हरल्यावर जपानवर अमेरिकन सैन्याचं राज्य आलं, त्यांनी शाळा-कॉलेजातला ज्युदो बंद केला, हे लष्करी शिक्षण आहे म्हणून. इशी मूळचा ज्युदोवाला, तो वळला कुस्तीकडे. १९४८ ला लंडनला जपानला बोलावलंच नाही. खाशाबा गेले, मातीतला गडी थेट मॅटवर, तरी सहावा नंबर. २८ एप्रिल १९५२ ला जपानवरचा अंमल उठला आणि तीन महिन्यांच्या आत इशीच्या गळ्यात गोल्ड.

ह्यात खाशाबांचं काय कमी झालं मला सांगा! उलट कोणाशी लढले ते कळलं तर ब्राँझचं वजन वाढतंच ना. आता इशी मला जरा जास्तच आवडतो हेही खरं आहे, नाही कशाला म्हणू. खेळच बंद केला तर माणूस दुसऱ्या खेळात जाऊन पहिला येतो, ह्याचं कौतुक नाही करायचं तर कशाचं करायचं.

पण ती कराडजवळच्या गावातली यात्रा. कुस्त्यांचं मैदान चारला सुरू होणार, त्याआधी मला वीस मिनिटं. मागं फ्लेक्स, त्यावर खाशाबांचा फोटो पासपोर्ट साइज आणि पुढाऱ्यांची तोंडं ढालीएवढी. मी ज्युदोबंदीपर्यंत आलो आणि कमिटीतल्या एकाने चिठ्ठी सरकवली, "आटपा". मी नाही आटपलं. तेव्हा त्याने हलगीवाल्याला खूण केली आणि माझ्या वाक्याच्या मधेच हलगी कडाडली. लोक हसले. हातात नारळ, खांद्यावर टॉवेल घेऊन मी खाली उतरलो, कानशिलं तापलेली.

चहाच्या टेबलापाशी एक म्हातारेबुवा थांबले होते. वाटलं हे तरी बरं बोलतील. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं समदं ऐकलं. माझा थोरला चुलता मराठा पलटणीत हुता. संगशाकला गेला, चव्वेचाळीस साली. जपान्यास्नी खेळ बंद केला म्हनून तुमाला वाईट वाटतंय, व्हय? आमच्यात त्येचा फोटोसुदिक न्हाई."

संगशाक मला माहीत होतं, मणिपुरातलं, मार्च १९४४, तिथं मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. पुस्तकातून माहीत असणं वेगळं. मी नुसतं "हो बाबा" म्हणालो आणि बशीतला चहा संपवला.

एसटीत बसल्यावर उत्तरं सुचायला लागली. खेळाडूचा देशाच्या पापाशी काय संबंध, इशीने थोडीच संगशाकवर गोळी झाडली. पण मग सोन की-चुंग आठवला. कोरियावर जपानचं राज्य असताना १९३६ ला बर्लिनची मॅरेथॉन जिंकलेला कोरियन, त्याला पळायला लावलं जपानी नावाने, जपानी झेंड्याखाली. पोडियमवर तो मान खाली घालून उभा, हातातल्या ओकच्या रोपाने छातीवरचा झेंडा झाकून. कोरियातल्या दोंग-आ इल्बो ह्या पेपरने फोटोतला झेंडाच पुसून छापला तर पेपर कित्येक महिने बंद. दुसऱ्याचं असं नावसुद्धा काढून घेणारा देश नऊ वर्षांत स्वतः दुसऱ्याच्या अमलाखाली गेला, आणि मी त्याच्याच पोराची बाजू मांडत हिंडतोय. आता सोनच्या छातीवरचा झेंडा त्याचा नव्हता म्हणायचं, तर इशीच्या छातीवरचा त्याचाच होता हेही म्हणावं लागतं. पण १९४५ ला एकोणीस वर्षांच्या पोराच्या माथी काय काय मारायचं? दोन्ही बाजूंनी मीच बोलतोय, आणि दोन्हीकडून पटतंय.

इशीचं नाव मी गाळणार नाही, ते डोक्यातून काढा. एवढंच की आता आधी संगशाक सांगतो, मग सोन, मग इशी, आणि खाशाबा येईपर्यंत वीसची पस्तीस मिनिटं होतात. कमिटीवाले चिडतात ते वेगळंच.