कोजागरीला सायकलवर तुळजापूर? अजिबात नको

"काय घाबरतो बे, त्या रात्री जड गाड्या वळवलेल्या असतात. अख्खा रस्ता मोकळा!" मित्राच्या एवढ्या शब्दावर कोजागरीला सोलापुरातून सायकल काढली. जड गाड्या खरंच नव्हत्या. पण रस्ता तुळजाभवानीला पायी जाणाऱ्यांनी भरला होता. 45 किलोमीटरला साडेतीन तास धरले होते, लागले साडेनऊ.

रूपाभवानीच्या देवळापासून रात्री आठला निघालो. हिप्परग्याच्या तलावापर्यंत सगळं झकास. पुढं उळ्याच्या आसपास मात्र वाट लागली.

तिथं कडेची पट्टी कुणीतरी बांबू आणि दोरी लावून वेगळी केली होती, पायी आणि सायकल दोघांनाही तीच. गर्दीत थांबून सायकल आडवी धरली, तर पुढचं चाक दोरीला आणि मागचं रस्त्याच्या काठाला टेकलं. म्हणजे जेमतेम पावणेदोन-1.8 मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत नुसत्या फुटपाथलाच किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितलीय, तीही फक्त चालणाऱ्यांसाठी. सायकल आणि पायी एकत्र चालवायचे तर इंग्लंड-अमेरिकेत साधारण 3 मीटरपासून सुरुवात करतात. का, ते उळ्याला कळलं. बायका कधी एकामागं एक चालत नाहीत. तिघी-चौघी शेजारी, गप्पा मारत, अनवाणी. घंटी वाजवली की माणूस आधी मागं वळतो, मग सरकतो, आणि नेमका आपल्याच पुढ्यात येतो. माणसाचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर. त्या वेगानं सायकल हाकली तर हँडल डगमगतं, जागा उलट जास्तच लागते. एका मावशीच्या टाचेला चाक घासलं. "लेकरा, उतर की खाली," एवढंच म्हणाल्या. उतरलो, आणि तामलवाडीच्या पुढंपर्यंत सायकल ढकलत नेली.

बांबूही आतल्या बाजूला कललेले. हँडल दोनदा अडकलं. चुकवायला काठावर गेलो तर डांबर आणि मुरूम यांत चार बोटांची पायरी, चाक घसरलं आणि बाभळीचा काटा शिरला. पंक्चरचे दोनशे रुपये! "आज रात्रीचा हाच रेट." ज्यादा ट्यूब आणि हवेचा पंप नसेल तर निघूच नका, देवीच्या वाटेवर सगळेच काही पुण्य कमवायला बसलेले नसतात.

इथं कायमची वाट करायचं कुणाच्या मनात आलंच, तर मोजमाप एखाद्या रिकाम्या दुपारी घेऊ नका, देवीची श्रमनिद्रा (दसऱ्यानंतरची झोप) संपायच्या या रात्री घ्या. तीन मीटरसुद्धा त्या रात्री पुरणार नाहीत. चालणाऱ्यांची वाट वेगळी आणि थोडी उंच हवी. काठ सपाट हवा. गाड्या अडवायला खांब उभे करायचेच तर दोन खांबांत दीड मीटर तरी ठेवा. 2021 मध्ये भूमिपूजन झालेल्या पंढरपूरच्या पालखी मार्गाच्या आराखड्यात चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना वेगळी वाट धरलीय. ते जमतं, तर हे का नाही?

सायकलनंच जायचं असेल तर पौर्णिमा टाळून पहाटे चारला निघा. शेवटच्या चढाला गिअर लागतो, बिनगिअरची नेऊ नका. परतीचा दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घरी येऊन मित्राला गाठलं, झालं ते सगळं ऐकवलं. शांतपणे म्हणाला, "मी कुठं सायकलवर गेलतो बे? मी दरसाल चालतच जातो."