तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरी लागलेली मुले परत का येतात?

आमच्या तंत्रनिकेतनात प्रवेशाची चौकशी करायला येणारे पालक, दहावीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक, संस्थेचे संचालक आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक मला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात. तुमची मुले पुण्याला नोकरीला लागतात, फलकावर त्यांचे फोटो झळकतात, मग दोन-चार महिन्यांत तीच मुले गावाच्या चौकात कशी दिसतात? काही जण पुढे जाऊन विचारतात की आपल्याकडच्या मुलांना कष्टच नको असतात का. या दुसऱ्या प्रश्नाचा मला दर वेळी राग येतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ज्या मुलाने सोयाबीन काढणीच्या मजुरीतून परीक्षा शुल्क भरले आणि सकाळची एसटी गाठण्यासाठी फाट्यापर्यंत पायी येत तीन वर्षे पूर्ण केली, त्याला कष्टाची सवय नाही असे म्हणणाऱ्याने यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या कोणत्याही फाट्यावर आषाढात एकदा उभे राहून पाहावे.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि प्लेसमेंटचे काम माझ्याकडे आहे. प्रवेश किती झाले, उत्तीर्ण किती झाले आणि नोकरीला किती लागले, हे तीन आकडे आमच्या बैठकांत तीन वेगळ्या विषयांसारखे मांडले जातात आणि तिन्हींसाठी तीन वेगळ्या शिक्षकांना जाब विचारला जातो. माझ्या मते हे तिन्ही आकडे एकाच जागी अडतात. हाती पैसा येईपर्यंत थांबून राहण्याची ताकद त्या घरात किती आहे, यावर ते ठरतात.

पदविका प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या चालतात त्याच दिवसांत आमच्याकडे पेरणी असते. बियाणे, खत आणि मजुरी यांत घरातली रोकड गेलेली असते, आणि तेव्हाच उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता यांसाठी सेतू केंद्राच्या खेपा सुरू होतात. शिष्यवृत्ती आहे, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून ती रक्कम खात्यात येते तोवर वर्ष सरत आलेले असते, आणि खोलीचे भाडे व मेसचे पैसे मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागतात. पुढे हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे ऐन कापूस वेचणीत येते. पहिल्या सत्राच्या गणितात मुले का अडकतात याची चर्चा करताना मराठी माध्यमाचे कारण सगळे सांगतात, आणि ते खरेच आहे. पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ज्या तासांना वर्ग अर्धा रिकामा असतो त्याच तासांत अवकलन शिकवले जाते, हे कोणी नोंदवत नाही. आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांचे तर पहिल्या वर्षाचे गणित झालेलेच नसते. कार्यशाळेत त्यांचा हात सगळ्यांत तयार असतो आणि कागदावर तीच मागे राहतात.

हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या अंतिम वर्षात कोरडवाहू शेती असलेल्या घरातला एक मुलगा होता. पहिल्या सत्रात गणित राहिले होते, ते त्याने एटीकेटीवर पुढे नेऊन सोडवले आणि शेवटी प्रथम श्रेणी मिळवली. चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने आमच्याकडे मुलाखती घेतल्या, त्यात तो निवडला गेला. जुलैत रुजू व्हायचे होते. वडिलांनी बियाण्यातून उरलेले आणि हातउसने घेतलेले पैसे त्याच्याकडे दिले, आणि बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने तो पुण्याला गेला. तिथे गेल्यावर कळले की पहिले काही महिने तो कारखान्याच्या पटावर नसून कंत्राटदाराच्या पटावर असणार आहे, आणि त्या कंत्राटदाराचा पगार महिना भरल्यावर पुढच्या महिन्याच्या मध्यानंतर निघतो. खोलीचे डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, सेफ्टी शूज आणि वैद्यकीय तपासणी, हे सगळे त्याआधी द्यायचे होते. नेमणूक-पत्रात पगाराचा आकडा अगदी बरोबर होता. तो हातात कधी पडेल हे त्यात कुठेच नव्हते. सहकाऱ्यांकडून त्याने उसने घेतले, मग मेस बंद केली, आणि पोळ्याच्या आधी तो गावी परतला. मी कारखान्यात फोन केला तेव्हा मनुष्यबळ विभागाने सांगितले की त्याच्या नावापुढे ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ (न सांगता काम सोडून गेलेला) अशी नोंद झाली आहे. आमच्या दप्तरी तो आजही नोकरी मिळालेला विद्यार्थी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागल्यावर आम्ही त्याच गावच्या शाळेत पालकांची सभा घेतली. मी पदविकेचे फायदे सांगत होतो. दहावीनंतर तीन वर्षांत हाताला काम मिळते, बारावीपेक्षा हा रस्ता जवळचा आहे, पुढे पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, अशी नेहमीची मांडणी होती. त्या मुलाचे वडील मागच्या रांगेतून उठले. आवाज न चढवता ते म्हणाले, “सर, माह्या पोराले तुमी नोकरी देली म्हनता. मंग थो घरी काहून हाय?” मी उत्तर द्यायला लागलो. कंत्राटी पद्धत कशी असते, सुरुवातीला सोसावे कसे लागते, जी मुले टिकली त्यांचे पुढे कसे चांगले झाले, हे मी सांगितले आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सोसाले थो नाई म्हनतच नव्हता. पगार पंधरा दिवस आंधी भेटला असता, तं थो राह्यला असता.” सभेत बसलेल्या माणसांपैकी कोणी त्यावर काही बोलले नाही. दरवर्षी आमच्याकडे मुले येत होती अशा त्या गावातून त्या वर्षी एकाही मुलाने प्रवेशाच्या पसंतीक्रमाच्या अर्जात, म्हणजे ऑप्शन फॉर्ममध्ये, आमचे नाव घातले नाही.

प्रवेश वाढवण्यासाठी आम्ही फ्लेक्स लावतो, शाळांत मार्गदर्शन शिबिरे घेतो, आणि ते करायलाही हवे. मधल्या काळात राज्यभर पदविकेच्या जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहत होत्या, आता त्या पुन्हा भरू लागल्या आहेत. तरी आमच्यासारख्या ठिकाणी मूल कुठे घालायचे हे पारावर ठरते, आणि पारावर त्या वडिलांचा शब्द माझ्या माहितीपत्रकापेक्षा जड आहे. तो तसा असावा हेही मला मान्य आहे.

त्या सभेनंतर मी कंपन्यांना मुलाखतीआधी जे प्रश्न विचारू लागलो ते काहींना आवडत नाहीत. मुलगा कोणाच्या पटावर असेल, पहिला पगार कोणत्या तारखेला खात्यात पडेल, कँटीन आणि बस पहिल्या दिवसापासून आहे का, शिकाऊ उमेदवारी असेल तर करार राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेखाली (एनएटीएस) नोंदवला जाईल का. 2019 च्या सुधारित नियमांनी पदविकाधारक शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 8000 रुपये ठरवले आणि त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. रक्कम थोडी आहे, पण नोंदलेल्या करारात कोणाची जबाबदारी काय ते कागदावर असते. शिवाय नवी मुले आता एकेकटी जात नाहीत. आधीपासून तिकडे असलेल्या मुलांच्या खोलीत जागा ठरल्यावरच ती निघतात, आणि पहिल्या पगारापर्यंतच्या खर्चासाठी माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी उभा केला आहे, त्यातून घेतलेले पैसे मुले पुढे परत करतात. यामुळे परत येणे कमी झाले आहे. थांबलेले नाही.

संचालकांचे म्हणणे असे की इतके प्रश्न विचारले तर कंपन्या दुसऱ्या महाविद्यालयात जातील. एक-दोन गेल्याही. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्या कंपन्यांत टिकली असती अशीही मुले आमच्याकडे होती आणि त्यांची संधी माझ्या प्रश्नांमुळे गेली असेल.

आणखी एका गोष्टीवर माझा स्वतःशीच वाद चालू आहे. तो मुलगा आता दिग्रसच्या बाजूला सौर कृषी पंप बसवणाऱ्या एका पुरवठादाराकडे काम करतो. पॅनेलचा सांगाडा उभारणे, मोटर व कंट्रोलर जोडणे, बिघाड झाल्यास शेतावर जाऊन दुरुस्त करणे, हे त्याचे काम आहे आणि ते तो उत्तम करतो. पंप जास्त बसतात तेव्हा मिळकत बरी असते, नाहीतर महिना कोरडा जातो. भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही. नोकरीत नवा होतो तेव्हाचा मी म्हणाला असता की तांत्रिक शिक्षणाचा उपयोग गाव सोडण्यासाठी आहे, आणि तीन वर्षे शिकून पुन्हा त्याच शिवारात फिरायचे असेल तर ती वर्षे कशाला घालवायची. त्या तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो, पण त्याला गप्प करू शकलेलो नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामापुरते काम असते, वणीच्या कोळसा पट्ट्यात आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीत मोजक्याच जागा निघतात, आणि सौर पंपांचे काम सरकारी योजनेवर टिकून आहे. योजना आटली तर हा मुलगा कुठे जाईल, हे मला विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. दुसरीकडे, त्याच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते, आईच्या औषधांना खंड पडत नाही आणि परिसरातले शेतकरी त्याला नावाने ओळखतात. याला नोकरी मिळणे म्हणायचे की नाही, ते तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळासाठी (एनबीए) भरायच्या आमच्या तक्त्यात कुठेही बसत नाही.

येत्या प्रवेशांच्या माहितीपत्रकासाठी मी नोकऱ्यांचा तक्ता दोन रकान्यांत केला आहे : किती मुलांना नेमणूक-पत्र मिळाले, आणि सहा महिन्यांनी त्यांतली किती मुले कामावर आहेत, मग ते काम पुण्यात असो की तालुक्यात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान आहे. प्राचार्यांना तो छापायचा नाही. शेजारच्या तालुक्यातले महाविद्यालय एकच आकडा छापेल आणि पालक दोन पत्रके शेजारी ठेवून बघतील, ही त्यांची भीती खोटी नाही. मला तो छापायचा आहे. मजकूर अजून छापखान्यात गेलेला नाही.