हूवरमधला मे महिन्याचा तो आठवडा

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेत मेमोरियल डेची सुटी. त्याच्या आधीचा अख्खा आठवडा आम्हा हूवरकरांसाठी बेसबॉलचा. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, ही प्रामुख्याने दक्षिणेकडच्या विद्यापीठांची संघटना. त्यांची बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धा 1998 पासून अलाबामातल्या आमच्या या गावात भरते. अपवाद फक्त 2020 चा. कोरोनामुळे त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही आणि मे महिना अगदी सुनासुना गेला.

हूवर मेट हे स्टेडियम 1988 मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या व्यावसायिक बेसबॉल संघासाठी उभं राहिलं. बास्केटबॉल सोडून बेसबॉलकडे वळलेला मायकेल जॉर्डन 1994 मध्ये इथेच खेळला. 2013 मध्ये बॅरन्स शेजारच्या बर्मिंगहॅम शहरातल्या नव्या मैदानावर गेले, पण कॉलेजच्या पोरांची स्पर्धा इथेच राहिली, याचं मला फार बरं वाटतं.

खरी मजा सुरू होते ती स्टेडियमशेजारच्या आवारात. लुइझियानाहून एलएसयूची, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची मंडळी मोठमोठ्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या घेऊन येतात, जांभळे-सोनेरी झेंडे लावतात आणि भल्यामोठ्या पातेल्यात जंबालया हा तिकडचा मसालेदार भात शिजवायला घेतात. वास पार रस्त्यापर्यंत येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं, तरी हातात ताटली आलीच. पुढच्या वर्षी आम्ही घरचा चिवडा नेला आणि त्यानंतर दर वर्षी "चिवडा आणलाय ना?" ही विचारणा ठरलेली.

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉल मला शिकवलं ते तिथल्याच एका आजोबांनी. मांडीवर स्कोअरबुक, हातात टोकदार पेन्सिल. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा टप्प्यात असून सोडलेले चेंडू, झाले की फलंदाज बाद. शेवटचा बॅट फिरवून हुकला की ते चौकटीत इंग्रजी 'के' लिहायचे. तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला तर तोच 'के' उलटा. एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या रकान्यात असे उलटे 'के' ओळीने दिसायला लागले की वही माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "बघ, आज याचा चेंडू कुणाला कळत नाहीये." मैदानापेक्षा त्या वहीतच मला खेळ आधी दिसायला लागला. पलीकडून व्हॅण्डरबिल्ट विद्यापीठाच्या प्रेक्षकांतली ती प्रसिद्ध कर्कश शिट्टी वाजायची. आजोबा कपाळाला आठ्या घालायचे, पण पेन्सिल थांबायची नाही.

पूर्वीच्या पद्धतीत आठवड्याच्या मधल्या दिवसांत एक सामना हरला तरी संघ बाहेर पडत नसे, दुसरी संधी मिळे. वळवाच्या पावसाने, विजांनी खेळ थांबला की पुढचे सगळे सामने लांबत आणि शेवटचा सामना मध्यरात्र ओलांडून जाई. 2019 मध्ये एलएसयू आणि मिसिसिपी स्टेट यांची लढत नऊऐवजी 17 इनिंग चालली. पहाटे तीन वाजून गेल्यावर एलएसयू 6-5 अशी हरली. एवढं होऊनही तो संघ शनिवारच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. रविवारी व्हॅण्डरबिल्टने ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, 11-10 असं हरवून करंडक नेला. माझ्या मते त्या आठवड्याच्या तोडीचं बेसबॉल हूवरने पुन्हा पाहिलेलं नाही.

एसईसीत टेक्सस आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं आल्यावर संघ 16 झाले आणि 2025 पासून सगळी स्पर्धा बाद पद्धतीची झाली. हरला की सामान आवरायचं. वेळापत्रक सुटसुटीत झालं, आणि पुढे लगेच राष्ट्रीय स्पर्धा असल्याने पिचरांच्या खांद्यांवर ताणही कमी येतो, हे मला पटतं. पण पाचशे-सहाशे किलोमीटर गाडी हाकत आलेल्या माणसांचा मुक्काम एका पराभवानं संपावा, हे काही मनाला पटत नाही. त्या दुसऱ्या संधीमुळेच लोक दिवसेंदिवस थांबत, शेजाऱ्याच्या पातेल्यात डोकावत, विरोधी संघाच्या पोरांची नावं पाठ करत. ओळखी वाढल्या त्या अशाच.

आमच्या आरव्हीवाल्या मित्रांनी मात्र ठरवून टाकलंय, संघ हरला तरी रविवारच्या अंतिम सामन्यापर्यंत हलायचं नाही. आम्हीही आता मंगळवारीच जाणार आहोत, चिवड्याचा मोठा डबा घेऊन.