आर्सखोत ते स्खेर्पेनहोवेल: फ्लँडर्समधली पायी वारी

मे महिन्यात बेल्जियमच्या या भागात पहाटेच्या अंधारात चमकत्या पिवळ्या जॅकेटातली माणसं रस्त्याच्या कडेनं चालताना दिसली, की ती स्खेर्पेनहोवेल या मेरीमातेच्या तीर्थस्थानालाच निघालेली असणार. मे हा इथे मेरीमातेचा महिना. लूव्हेन, अँटवर्पहून लोक रात्रभर चालत येतात. मी आर्सखोतहून निघालो. सोबतचा सहकारी फ्लेमिश, म्हणजे इथलाच. चर्चला फक्त लग्नाला आणि मयताला जाणारा, पण मे महिन्यातली ही चाल तो चुकवत नाही. का चालतोस, असं विचारलं तर म्हणाला, "आजी चालायची."

वाट डेमर नदीच्या काठाकाठानं जाते. टाळ नाही, अभंग नाही, दिंडीची शिस्त नाही. दोघं-तिघं, कुठे एखादं कुटुंब, कुणी एकटंच. पहिला तासभर मला हे सुनंसुनं वाटलं, मग चालण्याची लय सापडली आणि काही वाटेनासं झालं.

टेस्टेल्टनंतर थोडी वाकडी वाट करून आम्ही आवरबोडेला गेलो. तिथला नॉर्बर्टाइन या कॅथलिक पंथाच्या साधूंचा मठ 12व्या शतकातला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर साधूंना तिथून हाकलून दिलं होतं, पण पुढे ते परतले. मठाच्या वेशीचा दगड तांबूस-तपकिरी आहे, त्यात लोखंडाचा अंश असतो. आसपासच्या टेकड्या याच दगडाच्या.

तोच दगड झिखेमला नदीकाठच्या माख्देनतोरेन या मध्ययुगीन गोल बुरुजात दिसतो. 2006 साली त्याचा एक भाग कोसळला, नंतर डागडुजी झाली. मला हाच टप्पा सगळ्यात भावला. झिखेम हे मूळचं गाव. किल्ला इथे, बाजार इथे, सत्ता ऑरेंज या सरदार घराण्याची. 1578 मध्ये स्पॅनिश फौजेनं ते घेतलं, शिबंदीची कत्तल केली, आणि त्यानंतर गावाची रया गेली. आणि पलीकडे, याच झिखेमच्या हद्दीत, एक ओसाड टेकडी होती, तीच आजची स्खेर्पेनहोवेल. तिच्यावर ओकचं एक झाड आणि झाडावर मेरीची छोटीशी लाकडी मूर्ती.

दंतकथा अशी, की एका मेंढपाळ पोराला ती मूर्ती खाली पडलेली सापडली. घरी न्यायला उचलली, तर पोराला जागचं हलता येईना. मालक शोधत आला, त्यानं मूर्ती परत झाडावर ठेवली, तेव्हा पोरगं सुटलं. एका जागी रुतून बसलेला देव आपल्याला काही नवा नाही. 1580च्या सुमारास प्रॉटेस्टंटांच्या मूर्तिभंजनाच्या धामधुमीत ती नाहीशी झाली, 1587 मध्ये झिखेमकरांनी दुसरी आणून बसवली. मग ताप उतरतो म्हणून भाविक झाडाच्या ढलप्या काढून नेऊ लागले. शेवटी धर्माधिकाऱ्यांनी झाडच तोडलं आणि त्याच्या लाकडाच्या मूर्ती घडवल्या.

एवढ्यावर शहर उभं राहिलं नसतं. प्रॉटेस्टंट बंडखोरांशी युद्ध चालू होतं आणि स्पॅनिश नेदरलँड्सच्या राज्यकर्त्या आल्बर्ट-इसाबेला दांपत्याला आपल्या बाजूचा एक देव हवा होता, असं माझं मत. श्रद्धाही खरी असेल. दोन्ही एकत्र नांदतात. त्यांनी वास्तुविशारद वेन्सेस्लास कोबेर्गरकडून 1609 ते 1627 मध्ये चर्च बांधून घेतलं. ते सात बाजूंचं, घुमटावर सात टोकांचे सोनेरी तारे, भोवतालचं गावही सात कोनांत आखलेलं. वेदी आहे ती त्या झाडाच्याच जागी.

शेवटचा चढ बेताचाच, पण पायांना फोड आले होते. वर पोचलो तर बॅसिलिकाभोवती दुकानांची रांग: मेणबत्त्या, जपमाळा, पेपरनोतेन नावाची मसालेदार बिस्किटं. तिकोनी कागदी पताकाही इथे परंपरेनं मिळतात. त्यातली एक मी आवर्जून घेतली. आत थिओडोर फान लोनची मोठाली चित्रं आहेत, पण लोकांचे डोळे मूर्तीकडेच. ती इतकी लहान, की मागच्या बाकांवरून तिचा झगाच काय तो दिसतो. सहकाऱ्यानं एक मेणबत्ती लावली आणि लगेच कॉफी प्यायला बाहेर पडला.

1977 मध्ये आसपासची गावं एकत्र करून नगरपालिका झाली, तिचं नाव स्खेर्पेनहोवेल-झिखेम. थोरलं गाव मागे, टेकडी पुढे. पण टेकडीवर रेल्वे नाही. परतीची गाडी धरायला वारकऱ्यांना खाली झिखेमच्याच स्टेशनवर यावं लागतं.