रविवारी काय होणार, हे मेयोच्या माणसाला विचारू नका

"रविवारी आपण जिंकणार का?" असं मेयोच्या माणसाला सरळ विचारायचं नसतं. तो आधी आभाळाकडे बघतो, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि मग म्हणतो, "गॉलवेची टीम चांगली आहे." पुढचा अर्धा तास तो गॉलवेचंच गुणगान गातो. त्यांची मधली फळी कशी उंच, त्यांचे राखीव खेळाडूसुद्धा आपल्या पहिल्या पंधरात कसे बसतील, वगैरे. ऐकणाऱ्याला वाटावं, हा पलीकडचाच कुणीतरी. आणि याच्या गाडीच्या दोन्ही खिडक्यांना हिरवे-लाल झेंडे फडफडत असतात, घरातल्या सगळ्यांची तिकिटं केव्हाच काढून झालेली असतात.

आम्ही राहतो आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) कॅसलबारमध्ये. मी सांगतोय ते २०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीचं. रविवारी, ४ मेला, गेलिक फुटबॉलची कॉनॉट प्रांताची फायनल होती. मेयो विरुद्ध शेजारची गॉलवे काउंटी, आणि तीही आमच्याच गावच्या मॅकहेल पार्क मैदानावर. (दिल्लीच्या कॉनॉट प्लेसला ज्या ड्यूकचं नाव आहे, त्याची पदवी याच प्रांताच्या नावाची. एवढी एकच ओळख घेऊन मी इथे आलो होतो.) त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. पेट्रोल भरताना, शाळेच्या फाटकात, कारखान्याच्या कँटीनमध्ये, मटणाच्या दुकानात, सगळीकडे तीच चर्चा.

गेलिक फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला पंधरा जण, चेंडू गोल. हातात घेता येतो आणि पायानेही मारता येतो. पण हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळायचं नाही. चार पावलांच्या आत चेंडू जमिनीवर टप्पा तरी द्यायचा, नाहीतर पायाच्या बोटांवर आपटून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक गुण, खालच्या जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आणि २०२५ पासून चाळीस मीटरवर आखलेल्या कमानीच्या बाहेरून वरून मारला तर दोन गुण. काउंटीचा सामना सत्तर मिनिटांचा. या खेळाची संघटना १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली, आणि आजही तिच्या खेळाडूंना खेळण्याचा पगार मिळत नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजारांवर लोकांसमोर खेळलेला माणूस मंगळवारी सकाळी पाचवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक सोडवत असतो. कुणी शेतकरी, कुणी पोलीस, कुणी इंजिनिअर.

शिवाय पैसे मोजून खेळाडू आणायची सोय नाही. ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, वाढलात त्या क्लबाकडून खेळायचं, आणि तो क्लब ज्या काउंटीचा ती तुमची काउंटी. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात पाटाकडील आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्यावर पेठेपेठेत जे चालतं, ते एका अख्ख्या देशाने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ शिस्तीत चालवावं, तसा हा प्रकार आहे. मी शिवाजी पेठेतला. त्यामुळे इथे आल्यावर भाषा कळायला वेळ लागला, पण वाद लगेच कळला.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही. इथे खेळाडूला शिव्या घालता येत नाहीत. नैतिकता वगैरे भानगड नाही, अडचण व्यवहाराची आहे. बुधवारी मी मटणाच्या दुकानात उभा होतो. पुढच्या एका म्हाताऱ्याने आमच्या बचावफळीतल्या एका पोराबद्दल "तो जरा जड झालाय, नाही का..." एवढंच म्हटलं. दुकानदाराने हातातला सुरा फळीवर जोरात ठेवला आणि डोळ्यांनी मागे खूण केली. माझ्या मागे त्या पोराची आत्या उभी होती. म्हाताऱ्याने वाक्य असं काही वळवलं की मानलं बुवा: "...जड झालाय, म्हणजे भरलाय चांगला, खांद्याला खांदा लावला की समोरचा उडणार." आत्या काही बोलली नाही. तिने कोकराच्या चाँप घेतल्या आणि गेली. ती गेल्यावर दुकानदार हळूच म्हणाला, "जड झालाय खरा."

यामुळे इथला वाद आडवळणाने चालतो. आपल्याकडे क्रिकेटवरून भांडताना आपण खेळाडूला घरी बसवतो, निवड समितीला घरी बसवतो, शेवटी समोरच्याशीही बोलणं बंद करतो. इथे माणसाबद्दल बोलायची चोरी, म्हणून लोक वाऱ्याबद्दल बोलतात, नियमांबद्दल बोलतात, आणि सगळ्यात जास्त बोलतात ते इतिहासाबद्दल.

इतिहास मात्र भयंकर आहे. ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांची मुख्य स्पर्धा, जिंकणाऱ्याला सॅम मॅग्वायर नावाचा चषक मिळतो. मेयोने तो १९३६ ला जिंकला, मग १९५० ला आणि १९५१ ला. त्यानंतर आजतागायत नाही. आणि गाडी पहिल्याच फेरीत अडली असं नाही. १९८९ पासून २०२१ पर्यंत मेयो अकरा फायनल हरली. १९९६ ला मीथविरुद्ध पहिला सामना बरोबरीत सुटला, कारण अगदी शेवटी मीथने लांबून मारलेला चेंडू टप्पा पडून दांड्यावरून गेला. दुसऱ्या सामन्यात हाणामारी झाली आणि मेयो एका गुणाने हरली. २०१६ ला डब्लिनविरुद्ध मेयोच्याच खेळाडूंकडून स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल झाले, तरी सामना बरोबरीत सुटला! पुन्हा खेळले, एका गुणाने हरले. २०१३ एका गुणाने, २०१७ एका गुणाने, सगळे डब्लिनकडून. २०१७ ला डब्लिनचा खेळाडू निर्णायक फ्री किक मारत असताना मेयोच्या ली कीगनने स्वतःच्या अंगावरचं जीपीएस यंत्र काढून चेंडूच्या दिशेने फेकलं. किक तरी गेलीच. मेयोतले लोक हे सांगताना हसतात, पण कसंनुसं.

मग शापाची गोष्ट येतेच. १९५१ ला चषक घेऊन टीम परत येत असताना फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती. गाडीवरच्या पोरांनी जल्लोष थांबवला नाही, म्हणून पाद्रीबाबांनी शाप दिला: या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही. कागदोपत्री याला काही आधार नाही, आणि फॉक्सफर्डची माणसं या गोष्टीने वैतागलेली असतात. पण २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मेयो टायरोनकडून फायनल हरली आणि त्यानंतर जेमतेम पंधरवड्यात १९५१ च्या टीमचे अखेरचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट वारले. म्हणजे शाप उठला. माझ्या शिफ्टमधला एक जण यावर म्हणतो, "आता तर आणखी वाईट. इतके दिवस हरायला कारण तरी होतं."

माझं मत विचाराल तर शाप-बिप सोडा. त्या दशकात डब्लिनची टीम अशी होती की २०१५ ते २०२० सलग सहा वर्षं चषक त्यांच्याकडे राहिला. तीन वेळा त्यांच्या एका गुणाइतकं जवळ जाणारी टीम दुबळी कशी म्हणायची? पण हे मेयोच्या माणसाला पटवता येत नाही. त्याला सांत्वन नकोच असतं.

तर त्या आठवड्यातली चर्चा. पहिला मुद्दा वारा. मॅकहेल पार्कवर वारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुटतो, आणि दोन गुणांच्या नव्या नियमाने त्याला सोन्याची किंमत आली आहे. वारा पाठीशी असेल तर लांबून मारत सुटायचं. गॉलवेचा पॉल कॉनरॉय २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू, लांबून मारण्यात वाकबगार. त्याचं नाव निघालं की पबमधला आवाज खाली यायचा. दुसरा मुद्दा गोलरक्षकाची किक. आता ती त्या कमानीच्या पलीकडेच पडली पाहिजे, त्यामुळे जवळच्या जवळ पास देत बसायचे दिवस गेले आणि मधल्या फळीत पुन्हा हवेत उड्या मारून चेंडू पकडायची पाळी आली. यावर म्हाताऱ्यांचं आणि तरुणांचं प्रथमच एकमत दिसलं. गेली काही वर्षं चौदा माणसं स्वतःच्या गोलसमोर उभी करून खेळ मारून टाकला होता, हे सगळ्यांना मान्य. नव्या नियमाने तीन जणांना पलीकडच्या अर्ध्यात राहावंच लागतं.

तिसरा मुद्दा एडन ओशे. हा माणूस २००९ पासून मेयोकडून खेळतोय आणि त्याला गोलसमोर पुढे उभं करायचं की मधल्या फळीत, हा वादही जवळपास तेवढाच जुना आहे. तो ब्रेफीचा, म्हणजे आमच्या गावाला लागूनच. त्यामुळे कुठल्याही टोळक्यात त्याचा एखादा नातेवाईक किंवा वर्गमित्र असतोच, आणि मग चर्चा "गरज पडली तर दोन्हीकडे" अशी मिटवली जाते.

लीगवरूनही, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या वेगळ्या स्पर्धेवरूनही, दोन तट होते. मार्चअखेर मेयो लीगच्या फायनलमध्ये केरीकडून हरली होती. एक गट म्हणे, केरीकडून हरण्यात कमीपणा काय. दुसरा म्हणे, फायनलपर्यंत गेलो हीच चूक, उगाच पोरं दमली. या दुसऱ्या गटाचा मी चाहता आहे. जिंकण्यातही नुकसान शोधायला बुद्धी लागते.

शुक्रवारी टीम जाहीर झाली. म्हणून चर्चा थांबली असेल, तर नाव नको. इथे छापील टीमवर कुणी विश्वास ठेवत नाही. सामन्याच्या वेळी यादीतला सात नंबर बाकावर आणि बावीस नंबर मैदानात, हे नेहमीचंच. मग कोण खरंच खेळणार यावर नवी फेरी सुरू. "त्याला गुरुवारी डॉक्टरकडे जाताना पाहिलं." "तो त्याच्या आईला घेऊन गेला होता." गुप्तहेरखात्याला लाजवेल अशी माहिती, आणि सगळी एकमेकांना खोडणारी.

माझ्या एका सहकाऱ्याची बायको गॉलवे काउंटीतल्या ट्यूमची, म्हणजे फुटबॉलच्या बाबतीत गॉलवेच्या अगदी गाभ्यातली. शनिवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर नवरा-बायको दोघंही एकमेकांच्या टीमला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. ती म्हणे, मैदान तुमचं, भूक तुम्हाला, आमची पोरं तीन वर्षं कॉनॉट जिंकून सुस्तावलीत. तो म्हणे, छे, गेल्या वर्षी तुमचा गोलरक्षक शेवटी येऊन विजयी गुण मारून गेला, तुम्हाला कोण अडवणार. दोघांच्या बोलण्यात आकडे मात्र तोंडपाठ: २०२२ ला गॉलवे एका गुणाने, २०२३ ला मेयो एका गुणाने (तो सामना कॉनॉटचा नव्हे, ऑल-आयर्लंडचा), २०२४ ला पुन्हा गॉलवे एका गुणाने. मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, "गॉलवेची टीम चांगली आहे." टेबलावर समाधान पसरलं. सरळ बोलली ती फक्त माझी पोरगी. ती इथल्या क्लबच्या लहान गटात खेळते. मेयो जिंकणार, असं तिने बटाटे चघळत जाहीर केलं आणि दोन्ही बाजूंनी तिला गप्प केलं.

रविवारी गॉलवे दोन गुणांनी जिंकली. सलग चौथं कॉनॉट.

गंमत पुढे आहे. हरूनही मेयोला ऑल-आयर्लंडच्या गटात जागा होती, आणि तिथे पहिला सामना कॅव्हनशी, तोही घरच्याच मैदानावर. आणि मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच लोकांच्या तोंडून "हा तर जिंकूच" ऐकलं. वाऱ्याचं नाव नाही, इतिहासाचं नाव नाही. कॅव्हनने तीन गुणांनी हरवलं. मग मॅनेजर केव्हिन मॅकस्टे प्रकृतीच्या कारणाने बाजूला झाले, स्टीफन रॉचफर्ड यांनी सूत्रं घेतली, आणि पुढचा सामना टायरोनच्या घरी, ओमामध्ये. मटणवाल्याने मला बजावलं, "पेट्रोल जाळू नकोस." मेयोने टायरोनला त्यांच्याच मैदानावर आरामात हरवलं. सोमवारी दुकानात गेलो तर स्वारी म्हणते, "मी म्हटलंच होतं, ओमाला काहीतरी होणार." त्यानंतर डोनेगल, रॉसकॉमनच्या मैदानावर, अगदी शेवटच्या क्षणी एका गुणाने हार, मोसम खलास.

आता अँडी मोरन नवा मॅनेजर झालाय. २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू, सगळ्यांचा लाडका, तेव्हा वाटलं, चला, आता तरी कुरकुर नसेल. पण मोरन बॅलॅहडरीनचा. हे गाव सरकारदरबारी रॉसकॉमन काउंटीत आहे, १८९८ च्या कायद्याने हद्द बदलली तेव्हापासून; क्लब मात्र आजही मेयोकडूनच खेळतो. त्यामुळे आमचा मॅनेजर आमच्याच काउंटीतला आहे की नाही, यावर मटणाच्या दुकानात सध्या वाद चालू आहे, आणि रांग दारापर्यंत गेली तरी कुणाला घाई नाही.