तुम्ही विचारलंत म्हणून: मालबोर्कचा किल्ला खरा का?

पोलंडमधल्या ग्दान्स्कला राहायला आल्यापासून घरी आलेला प्रत्येक पाहुणा मी मालबोर्कला नेतो. रेल्वेने पाऊण तास. नोगात नदीच्या पुलावर गाडी आली, की लाल विटांचा तो अवाढव्य पसारा दिसतो आणि डब्यातली बडबड थांबते. आत शिरल्यावर मात्र प्रश्न ठरलेला: "हे सगळं जुनंच आहे, की नंतर बांधलंय?"

निम्मं जुनं, निम्मं नवं. आणि ते "नवं"सुद्धा एका काळातलं नाही.

आपल्याला किल्ला म्हटला की कडा, घाम आणि काळा पाषाण आठवतो. हा भुईकोट आहे, तोही नदीच्या गाळात उभा. जवळ दगडाची खाण नाही, म्हणून सगळं काम विटांचं. 1270च्या दशकात ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे लढवय्या जर्मन ख्रिस्ती संन्याशांच्या धर्मसंघाने बांधायला घेतला, येशूची आई मेरी हिच्या नावाने मारीएनबुर्ग म्हटलं. 1309 साली संघाच्या प्रमुखाने व्हेनिसहून गादी इथे हलवली आणि मग बांधकाम वाढतच गेलं. बालेकिल्ला, मधला कोट, खालचा कोट. क्षेत्रफळाने जगातला सगळ्यात मोठा किल्ला हाच.

पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडतो तो शौचालयाचा बुरूज. बालेकिल्ल्यापासून लांब, कमानींवरच्या बंद वाटेने जोडलेला. मला स्वतःला आवडते ती तापवण्याची सोय: तळघरातल्या भट्टीत दगड तापवायचे आणि जमिनीतल्या झाकणाच्या भोकांतून गरम हवा वर सोडायची. इथला जानेवारी काढलेल्या माणसालाच तिचं मोल कळेल.

1410 मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड-लिथुआनियाच्या फौजेने संघाची धूळधाण केली. पोलंडचा राजा याग्येवो इथे येऊन दोन महिने वेढा घालून बसला, पण किल्ला पडला नाही. उन्हाळी भोजनदालनाचं सगळं छत एका खांबावर तोललेलं आहे. तो खांब उडवायला डागलेला गोळा नेम चुकून भिंतीत रुतला, असं सांगतात. गोळा आजही दिसतो.

तोफेला जमलं नाही ते थकलेल्या पगाराने केलं. पोलंडशी झालेल्या पुढच्या युद्धात भाडोत्री सैनिकांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून संघाने हाच किल्ला त्यांच्याकडे गहाण टाकला. त्यांनी तो 1457 मध्ये सरळ पोलंडच्या राजाला विकला, 1 लाख 90 हजार फ्लोरिन नाण्यांना. फितुरी म्हणावी, तर त्यांचा हिशेब चोख होता! गावाने मात्र बार्थोलोमेउस ब्लुमे या आपल्या नगराध्यक्षाच्या मागे उभं राहून राजाविरुद्ध आणखी तीन वर्षं झुंज दिली. 1460 मध्ये गाव पडलं आणि ब्लुमेला मृत्युदंड झाला.

1772 मध्ये हा भाग प्रशिया या जर्मन राज्याने घेतला, इथे बराकी थाटल्या, भिंती फोडल्या. पुढे त्यांनाच उपरती झाली. 1882 पासून कोनराड श्टाइनब्रेख्त या वास्तुतज्ज्ञाने चाळीस वर्षं किल्ला मध्ययुगात परत नेण्यात घालवली. आणि दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या लढाईत निम्म्याहून अधिक पुन्हा ढासळलं. किल्ल्यातल्या चर्चच्या बाहेरच्या कोनाड्यातली आठ मीटर उंचीची मेरीची मूर्ती तेव्हाच गेली. आज दिसते ती 2016 ची. 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं, ते या सगळ्या डागडुजीसकट.

म्हणून मी पाहुण्यांना भिंतीजवळ नेतो आणि विटांचा रंग कुठे बदलतो ते शोधायला लावतो. मुलांना हा खेळ भारी जमतो.

गावाची गोष्ट दोन मिनिटांत संपते आणि तेच वाईट वाटतं. जुनं नगरभवन, सेंट जॉनचं चर्च, दोन वेशी एवढंच उरलंय. बाकी जागेवर साठच्या दशकातल्या साध्या चाळवजा इमारती. ढिगाऱ्यातल्या विटा वॉर्सा आणि ग्दान्स्कची जुनी पेठ पुन्हा उभारायला नेल्या.

पाहुणे इथून पुढे वॉर्साला जातात. संध्याकाळी जुन्या चौकातून फोन येतो: "हे तरी खरं ना रे?"